पाल्यातलं तेल: निलगिरीच्या बाटलीमागची भट्टी

सर्दीने नाक चोंदलं की आमच्याकडे फडताळाच्या वरच्या कप्प्यातून एक बोटभर बाटली खाली येते. पातेल्यात कढत पाणी, त्यात दोन थेंब तेल, डोक्यावरून टॉवेल, आणि बाहेरून आजीचा हुकूम: "डोळे मीट, नाहीतर झोंबेल." बाटलीवर लिहिलेलं असतं 'निलगिरी तेल'. आता निलगिरी हे मुळात झाडाचं नावच नव्हे. ते डोंगराचं नाव. झाड ऑस्ट्रेलियातलं, युकॅलिप्टस. पण आपल्याकडे डोंगराचं नाव तेलाला आणि झाडालाही असं चिकटलं की बांधावरच्या झाडालाही आपण निलगिरीच म्हणतो.

तर त्या डोंगरावर हे झाड आलं कसं? तेलासाठी मुळीच नाही. उटी ही इंग्रजांची थंड हवेची वस्ती. बंगल्यांना शेकोटी हवी, पलटणीला जळण हवं. तिथलं मूळचं जंगल म्हणजे शोला: घळींमध्ये दाटलेली ठेंगणी, सावकाश वाढणारी झाडं, आणि बाकी डोंगरउतारावर नुसतं गवत. शोला तोडून जळण किती दिवस पुरणार? 1843 मध्ये कॅप्टन कॉटन नावाच्या अधिकाऱ्याने उटीला युकॅलिप्टसची झाडं लावली. ती झपाट्याने वाढली, तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटली, आणि पुढच्या काही दशकांत जळणासाठी म्हणून डोंगरच्या डोंगर या झाडांनी भरले. नंतरच्या काळात याच लाकडाला लगद्यासाठी, म्हणजे रेयॉनच्या धाग्यासाठी, गिऱ्हाईक मिळालं.

या सगळ्यात हिशोब लाकडाचा होता. पाला कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. झाड तोडलं की फांद्या आणि पाला जागेवर पडून राहायचा, आणि उभं झाडही वर्षभर पानं गाळत असतंच. हाच पाला पोत्यात भरून जवळच्या भट्टीवर नेऊन घालायचा, असा धंदा निलगिरीच्या उतारांवर उभा राहिला. आपल्या बाटलीतलं तेल हे असं लाकडाच्या धंद्याचं उरलंसुरलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्येही कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या युकॅलिप्टसच्या पाल्यातून तेल निघतं. तिथेही कर्ता लाकूड, आणि तेल मागून आलेलं.

पानात तेल असतं म्हणजे नेमकं कुठे असतं? निलगिरीचं एक पान घ्या, जून झालेलं, कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं. उजेडाकडे धरा. हिरव्या पडद्यात सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक सूक्ष्म पिशवी. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं पान धरलंत तरी असे ठिपके दिसतात. पुदिना किंवा तुळशीत मात्र या पिशव्या पानाच्या पृष्ठभागावर, केसांच्या टोकाशी असतात, म्हणून तुळशीवरून नुसता हात फिरवला तरी वास येतो. निलगिरीचं पान चुरगळावं लागतं. या फरकाचा एक फायदा आहे. पिशवी आत बंद असल्यामुळे पान गळून वाळलं तरी बरंचसं तेल आतच राहतं. तुळस वाळवली की वास उडून जातो. निलगिरीचा वाळका पाचोळाही भट्टीत घालण्याजोगा असतो.

आता ते तेल बाहेर कसं काढायचं? तिळासारखं घाण्यात घालून पिळायची सोय नाही, कारण शंभर किलो पाल्यात ते जेमतेम किलो-दीड किलो असतं. तापवून उडवायचं म्हटलं तर या तेलातला मुख्य घटक सिनिऑल 176 अंश सेल्सियसला उकळतो. तेवढं तापवलं तर पाला करपेल आणि तेलाला धुराचा वास लागेल. इथे वाफ कामाला येते, आणि तिची युक्ती मला अजूनही थक्क करते.

द्रव उकळतो म्हणजे काय, तर त्याच्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. हवा हे एक जड झाकण आहे असं समजा. पाणी एकटं ते झाकण 100 अंशाला उचलतं. तेल एकटं असेल तर त्याला 176 अंशांपर्यंत जोर काढावा लागतो. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे एकाच भांड्यात असले तरी दोघंही स्वतंत्रपणे जोर लावतात, आणि झाकणाला त्या दोन्ही जोरांची बेरीज लागते. 100 च्या किंचित खालीच पाण्याचा मोठा जोर आणि तेलाचा थोडा जोर मिळून झाकण उचललं जातं. म्हणजे 176 ला उकळणारं तेल पाण्याच्या खांद्यावर बसून 100 अंशांच्या आतच बाहेर पडतं. पाला नुसता वाफाळतो, करपत नाही. शास्त्रात याला वाफेचं ऊर्ध्वपातन म्हणतात; बोली भाषेत अर्क काढणं.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहता येतं. मी केलं होतं. एका मोठ्या पातेल्यात निलगिरीचा दोनशे ग्रॅम ताजा पाला कातरून घातला, तो बुडेल इतकं पाणी ओतलं, मधोमध एक विटेचा तुकडा ठेवून त्यावर स्टीलची वाटी. पातेल्यावर घमेल्यासारखं खोलगट झाकण उलटं ठेवलं आणि त्यात बर्फाचे खडे. खाली मंद आच. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून पाणी होते, झाकणाच्या सगळ्यात खालच्या टोकाकडे ओघळते आणि वाटीत टपकते. पाऊण तासाने वाटीत अर्धा कप गढूळसर पाणी जमलं. ते एका अरुंद काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर चहा पिऊन येईपर्यंत वर दोन मिलिमीटरचा फिकट पिवळा थर. खाली वासाचं पाणी, वर तेल. हिशोबाने दोन ग्रॅम मिळायला हवं होतं, मिळालं त्याहून कमी, कारण निम्मा वास स्वयंपाकघरात फिरत होता. दोन दिवस चहालाही सर्दी झाल्यासारखा वास येत होता. (खिडक्या उघड्या ठेवा, आणि ही भांडी परत स्वयंपाकाला घेऊ नका.)

जंगलातली भट्टी म्हणजे हेच पातेलं, पुरुषभर उंचीचं. खाली चूल, वर लोखंडाची किंवा तांब्याची टाकी. टाकीच्या तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर पाला ठासलेला, वर झाकण. झाकणाच्या फटी लिंपून घ्यायच्या. कनौजचे अत्तरवाले माती आणि कापूस वापरतात. झाकणातून निघालेली नळी गार पाण्याच्या हौदातून फिरवलेली. नळीच्या तोंडाशी एक भांडं, ज्यात तेल वर तरंगत राहतं आणि पाणी तळाच्या वाकड्या नळीतून आपोआप निघून जातं. हलतं असं यात काहीच नाही.

कसब आहे ते पाला भरण्यात. वाफ आळशी असते, सोपी वाट धरते. पाला कुठे सैल राहिला तर ती तिथूनच सरळ वर पळते. मग बाकीचा पाला कोरडाच राहतो आणि जळण मात्र जळत राहतं. फार घट्ट दाबलं तर वाफ अडते, आणि अडून अडून एका जागी भोक पाडते. म्हणून थरावर थर, कडेला जरा जास्त दाबून, सारखा भरावा लागतो. दुसरं कसब थांबण्याचं. बरंचसं तेल पहिल्या तासाभरात येतं. नंतर धार बारीक होत जाते, आणि मागाहून येणारे घटक जड, वेगळ्या वासाचे असतात. किती वेळ आच चालू ठेवायची हे जळणाचा भाव आणि तेलाला लागणारी प्रत पाहून ठरतं.

आता जरा आकडे मांडू, कारण या धंद्याचं सगळं मर्म त्यात आहे. एक टन ताजा पाला घेतला. शेकडा एक धरलं तरी तेल निघणार 10 किलो. उरलेले 990 किलो आपण डोंगरावरून वाहून आणले आणि परत वाहून टाकायचे. त्यासाठी समजा 400 किलो वाफ लागली. एक किलो वाफेचं पाणी करायचं तर तिच्यातली साधारण 540 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. हौदातलं पाणी 30 अंशांनी तापू दिलं तर एका किलो वाफेमागे 18 लिटर गार पाणी हवं. म्हणजे 400 किलोला 7,200 लिटर. दहा किलो तेलासाठी टँकरभर पाणी! तेच पाणी निववून परत वापरता येतं, पण त्यासाठी मोठा हौद हवा.

जळणाचं गणित मात्र सुखद आहे. साध्या चुलीत बरीच उष्णता वाया जाते हे धरूनही एक किलो वाळलेल्या लाकडावर दोनेक किलो वाफ निघते. म्हणजे 400 किलो वाफेला 200 किलो जळण. आणि तेल काढून उरलेला चोथा? ताज्या पाल्यात निम्मं पाणी धरलं तरी वाळल्यावर चारशे-पाचशे किलो सुकं जळण हातात राहतं. कालच्या घाणीचा चोथा आजच्या चुलीत. तो वाळवायला ऊन मात्र हवं, आणि निलगिरीवर पाऊस दोन्ही मोसमांत पडतो. चोथा ओला राहिला की भट्टीवाला लाकूड विकत घेतो आणि नफा तिथेच जळतो.

या आकड्यांवरून एक गोष्ट आपोआप ठरते: भट्टी पाल्याकडे जायला हवी, पाल्याने भट्टीकडे येऊन चालणार नाही. पाला फुगीर असतो. वजनाची मर्यादा यायच्या कितीतरी आधी ट्रक भरून जातो. पन्नास किलोमीटरवरून पाला आणायचा म्हणजे डिझेल जाळून पाणी आणि हवा वाहून आणण्यासारखं आहे. 'जंगलातल्या टाकाऊ मालापासून सोनं' अशा मथळ्याखाली शहराजवळ मोठा कारखाना काढायची स्वप्नं मी अधूनमधून वाचतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की पाला किती लांबून येणार.

खानदेशातल्या जुन्या तेलवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारच्या बाजूला, रोशा गवत माजतं. तिखाडीही म्हणतात त्याला. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येतं आणि हातात चुरगळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. एकोणिसाव्या शतकात तेलवाले आपल्या भट्ट्याच रानात नेऊन ओढ्याकाठी मांडत. गवत तिथलंच, जळण तिथलंच, आणि नळी गार करायला वाहतं पाणी आयतं. हंगाम संपला की तेल तेवढं बुधल्यांतून खाली येई. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जाई, आणि तिथे त्याचा मोठा उपयोग काय होता माहीत आहे? बल्गेरियाच्या महागड्या गुलाब तेलात भेसळ! रोशाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं आणि गुलाबातही तेच द्रव्य असतं, त्यामुळे चोरी पचून जाई. युरोपातल्या बड्या बायकांच्या रुमालाला आपल्या सातपुड्यातल्या गवताचा वास येत असणार, याची मला उगाच मजा वाटते.

पाल्याखेरीज जंगलाच्या इतर उरल्यासुरल्यातूनही तेल निघतं. हिमालयात देवदार तोडल्यावर जमिनीत राहिलेले बुंधे आणि करवतीचा भुसा यांतून देवदार तेल काढतात. हे लाकडातलं तेल. ते चिवट असतं. लाकडाच्या बारीक चिपा कराव्या लागतात आणि भट्टी तासन्‌तास चालवावी लागते. सायबेरियात फर वृक्ष तोडले की डहाळ्या आणि सुया यांचं तेल काढत, आणि त्यातल्या बॉर्निल ॲसिटेटपासून सोव्हिएत काळात औषधी कापूर बनवला जाई.

आपल्या कोकणातल्या वाचकांसाठी जवळचं उदाहरण दालचिनीचं. साल सोलण्यासाठी फांद्या छाटल्या की पाला तसाच पडतो. श्रीलंकेत या पाल्याचं तेल काढायचा जुना रिवाज आहे. नवल असं की एकाच झाडाच्या सालीचं आणि पानाचं तेल एकसारखं नसतं. सालीत दालचिनीचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड. पानात मुख्यतः युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास, दाताला लावतो तोच. आणि युजेनॉलचं तेल पाण्यापेक्षा जड! ते वर तरंगत नाही, तळाशी बसतं. निलगिरीचं तेल धरायचं भांडं तसंच दालचिनीच्या पानाला लावलं तर तळाच्या नळीतून सगळं तेल पाण्याबरोबर वाहून जाईल आणि तुम्ही वरच्या पाण्याकडे बघत बसाल.

हे वाचून कोणाला बांधावरची निलगिरी आठवली असेल, म्हणून आधीच सांगतो: तेलाची निलगिरी आणि बांधावरची निलगिरी सहसा एक नसतात. उटीवरचं झाड युकॅलिप्टस ग्लोब्युलस. त्याला थंड, उंच डोंगर लागतो. महाराष्ट्राच्या पठारावर ऐंशीच्या दशकात बल्ल्या आणि लगद्यासाठी जी लावली गेली ती बहुतेक म्हैसूर गम नावाच्या जातीची. तिच्या पानातही तेल असतं, पण कमी, आणि झाडागणिक वेगळं. लिंबासारखा वास येणारी एक जात आहे, तिच्या तेलात सिट्रोनेलाल. ते साबणाला आणि डासांच्या औषधाला चालतं, वाफ घ्यायला नाही. औषधी म्हणवून घ्यायचं तर तेलात निदान 70 टक्के सिनिऑल असावं असा युरोपीय औषधकोशाचा दंडक आहे. तेव्हा भट्टीवर पैसे घालायच्या आधी चार पोती पाला काढून तेल तपासून घेणं शहाणपणाचं. दुसरा अडसर कायद्याचा: वनजमिनीवरचा पाला हे कायद्याने वनोपज आहे, नुसतं गोळा करून आणता येत नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना हे सांगायला नको.

आणखी एक जोखीम. बाजारात 'निलगिरी तेल' म्हणून येणारं सगळंच निलगिरीचं असतं असंही नाही. चीनमधून येणाऱ्या मालाचा काही भाग कापराच्या झाडाच्या तेलातून सिनिऑल वेगळं काढून बनवलेला असतो. रासायनिकदृष्ट्या त्यात गैर काही नाही, सिनिऑल ते सिनिऑलच. पण उटीच्या भट्टीवाल्याला स्पर्धा त्याच्याशी करावी लागते, आणि भाव तो ठरवतो.

'टाकाऊ' या शब्दाशीही माझं थोडं भांडण आहे. जंगलाच्या दृष्टीने पाला टाकाऊ नसतोच. झाडाच्या एकूण वजनात पानांचा वाटा थोडा, पण नत्र, पालाश यांचा मोठा साठा पानांतच असतो. खोड नेलं आणि पाला जागेवर कुजला तर जमिनीला बरंच परत मिळतं. पालाही नेला तर ती उपाशी राहते. देवदाराखालचा पाला मी कोणाला उचलू देणार नाही. निलगिरीच्या पाचोळ्याची गोष्ट जरा निराळी. तो तेलामुळे भडकन पेटतो, उन्हाळ्यात वणव्याला तेच निमित्त होतं, आणि त्याखाली दुसरं काही सुखाने उगवत नाही. तिथे पाचोळा उचलणं, आणि चुलीतली राख व उरलेला चोथा परत त्याच उतारावर पसरणं, हे मला पटतं. पण किती भट्टीवाले राख परत वर चढवतात?

बाटलीविषयी आजीच्या हुकमात एक भर घालायला हवी. हे तेल वासाचं आहे, पोटात घ्यायचं नाही. लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बाळांच्या नाकाशीही ते लावू नये. बाटली वरच्या कप्प्यात राहिलेली बरी.

निलगिरी पर्वतावर मात्र वारं फिरलंय. ज्या गवताळ उतारांवर ही झाडं लावली, त्या उतारांचं पाणी धरून ठेवण्याचं काम ते गवतच करत होतं, हे आता सगळ्यांना उमगलंय. 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने परक्या, आक्रमक वनस्पती हटवून मूळ अधिवास परत आणण्याचं धोरण जाहीर केलं. झाडं निघायला लागली की पाला एकदम ढिगाने मिळतो, आणि मग काहीच नाही. भट्टीला मात्र रोजचा थोडा थोडा पाला हवा असतो. अर्थात हे झाड काढणंही सोपं नाही. बुंधा तोडून ठेवलात की पाऊस पडल्यावर त्याला कडेने धुमारे फुटतात, आणि त्यावर येणारी पानं जून पानांसारखी वाकडी नसतात. गोलसर, निळसर, पांढुरकी पावडर लावल्यासारखी असतात. चुरगळून पाहिलंत तर हाताला तोच वास.